चौकट आणि चारी

‘सैद्धांतिक चौकट कमकुवत आहे.’ परीक्षकांचे शेरे वाचायची सवय असलेल्या माणसाला हे वाक्य पाठ असतं. त्याच्यापुढे बहुतेक वेळा काहीच नसतं. कमकुवत म्हणजे छोटी, जुनी की चुकीची, हे लिहिणाऱ्याने आपलं आपण शोधायचं. मग तो आणखी पाचसहा नावं घालतो, दोन पानं वाढवतो आणि पेपर पुन्हा पाठवून देतो.

पुढच्या संवादातली दोन्ही माणसं मी रचलेली आहेत. त्यांचं भांडण मात्र रचलेलं नाही, ते विद्यापीठाच्या कुठल्याही विभागात ऐकू येतं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. पुतणी समाजशास्त्र शिकवते. तिचा पेपर एका मध्यम प्रकल्पाच्या कालव्यावरच्या पाणीवापर संस्थांबद्दल आहे. काही संस्थांत शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं, काहींत पोचत नाही, असं का, हा तिचा प्रश्न. पेपर परत आलाय, वरच्या शेऱ्यासकट.

काका : वाचला तुझा पेपर. पहिली चार पानं सोडली तर चांगला आहे.

पुतणी : त्या चार पानांवरच तर आक्षेप आहे, काका. त्यांना ती अपुरी वाटली.

काका : अपुरी? अगं, त्यात अमेरिका आहे, स्पेन आहे, स्वित्झर्लंड आहे. आपला कालवा केव्हा येतो? पाचव्या पानावर. हेडला सोडलेलं पाणी वाटेतच मुरावं तसं झालंय. मी म्हणतो, काढून टाक सगळं. तू गावोगाव फिरलीस, लोकांशी बोललीस, ते लिही.

पुतणी : एक विचारू? कालव्यावर फेरी मारायला गेलात की पहिलं काय बघायचात?

काका : गेज. मग आउटलेट. कुठे भराव फोडलाय का, कुणी पाइप टाकून पाणी उचलतंय का. पाणी मागणीचे, नमुना सातचे अर्ज किती आले, क्षेत्र किती मंजूर झालं, त्या मानाने किती क्युसेक सोडायचं.

पुतणी : म्हणजे ड्यूटी आणि डेल्टा, किती पाण्यात किती क्षेत्र भिजतं आणि पिकाला किती पाणी लागतं. रात्री दारं धरायला कोण येतं, मालक की सालगडी की मालकाची बायको, याची नोंद वहीत व्हायची?

काका : ते आमचं काम नव्हतं.

पुतणी : तेच म्हणतेय मी. काय बघायचं आणि काय नाही, हे तुम्ही नोकरीला लागायच्या कितीतरी आधी ठरलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यात ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राला काही वर्षं पाण्याची हमी द्यायची, पण ऊस त्याच्या एका भागातच लावू द्यायचा. त्यामागे शेतकरी कसा वागतो याबद्दल एक समजूत होतीच ना? हमी मिळाली की तो बेत आखतो, नाही मिळाली की ओरबाडतो. ती समजूत कुठल्या नमुन्यावर छापलेली नव्हती, पण तुमच्या वह्यांचे रकाने तिच्यातून आले. कार्ल पॉपर यांनी व्हिएन्नातल्या विद्यार्थ्यांना एकदा सांगितलं, कागद-पेन्सिल घ्या, नीट निरीक्षण करा आणि दिसेल ते लिहा. पोरांनी विचारलं, कशाचं निरीक्षण?

काका : बरं, काय बघायचं ते आधी ठरवावं लागतं. कबूल. पण ते चार ओळींत सांगता येतं. त्याच्यासाठी परदेशी पंडितांची दिंडी कशाला? मला एवढंच सांग, तुझी ती चार पानं फाडून टाकली, तर पाचव्या पानापासून पुढचं एखादं वाक्य बदलावं लागेल का?

(इथे पुतणी गप्प झाली असं मी लिहितोय, कारण या प्रश्नापुढे प्रामाणिक संशोधक गप्पच होतो. चौकटीचा विभाग तपासायला इतकी सोपी कसोटी मला संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत सापडलेली नाही. फाडून बघा. पुढचं जसंच्या तसं उभं राहिलं, तर ती चौकट नव्हती.)

पुतणी : नाही. एकही वाक्य बदलणार नाही.

काका : मग?

पुतणी : मग ती चौकट नाही, पूर्वसंशोधनाचा आढावा आहे. कोण केव्हा काय म्हणालं याची जंत्री. शीर्षक तेवढं मी ‘सैद्धांतिक चौकट’ असं दिलं. हे आमच्याकडे सर्रास चालतं, काका. शोधगंगेवर कुठलाही प्रबंध उघडा. दुसऱ्या प्रकरणात सगळे सिद्धांतकार येऊन हजेरी लावतात, पाचव्या प्रकरणात टक्केवारीचे तक्ते येतात, आणि दोघांची गाठ पडत नाही.

काका : आणि गृहीतकं! ती तर सगळीच्या सगळी सिद्ध होतात. ‘सिंचनामुळे शेतकऱ्यांच्या उत्पन्नात वाढ झाली आहे.’ सिद्ध. ‘शेतकऱ्यांना अनेक अडचणींना तोंड द्यावे लागते.’ सिद्ध. आमच्या खात्यात अंदाजपत्रक इतकं तंतोतंत जुळलं असतं तर चौकशी लागली असती.

पुतणी : हसा. पण ती गृहीतकं खोटी ठरू शकत नाहीत ती याच कारणाने, त्यांच्यामागे चौकट नसते. ‘अडचणी आहेत’ हे कधी खोटं ठरेल? चौकट असती तर म्हणाली असती, या प्रकारच्या गावात ही अडचण येईल आणि त्या प्रकारच्या गावात येणार नाही. मग तुम्ही त्या दुसऱ्या गावात जाऊन मला खोटं पाडू शकला असता.

काका : तुझ्या पेपरात मला खोटं पाडता येईल असं काय आहे?

पुतणी : सध्या काहीच नाही. म्हणून तर तुमच्याकडे आलेय. आता त्या दिंडीतले तिघं घेऊ, बाकीचे राहू देत. पहिला हार्डिन. 1968 साली ‘सायन्स’मध्ये त्याचा निबंध आला. सामायिक कुरणावर प्रत्येक गुराखी आपलं एकेक जनावर वाढवत जातो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि नुकसान सगळ्यांत वाटलेलं. शेवटी कुरण संपतं.

काका : हे मी रोज बघितलंय. हेडचा शेतकरी ऊस लावतो, दोन पाळ्यांचं पाणी एका पाळीत घेतो. टेलला वाळू.

पुतणी : पण हार्डिनचे गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत. त्याच्या लेखात ते बैठक घेत नाहीत, राखणदार नेमत नाहीत, दंड बसवत नाहीत.

काका : हे मात्र खोटं आहे. साक्री-बागलाणकडे जा. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि भिजणाऱ्या जमिनीचे चारेक फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात भुसार, आणि पुढच्या वर्षी फिरवायचं. प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी, त्यामुळे कुणी कायमचा हेडला नाही आणि कुणी कायमचा टेलला नाही. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार. आणि हे आमचं खातं जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून. आम्ही जाऊन त्यांना काय शिकवणार?

पुतणी : हे एलिनॉर ऑस्ट्रॉमना सांगितलं असतं तर त्या वही काढून बसल्या असत्या. 1990 च्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’मध्ये त्यांनी हेच केलं. स्पेनमधले व्हॅलेन्सियाचे पाट, फिलिपाइन्समधल्या सांहेरा, स्वित्झर्लंडमधलं टर्बेल गाव. शेकडो वर्षं टिकलेल्या व्यवस्था गोळा करून त्या टिकल्या कशाने ते शोधलं, आणि आठ तत्त्वं काढली. हद्द स्पष्ट असावी. नियम त्या जागेला साजेसे असावेत. ज्यांना ते पाळायचे त्यांचा ते बदलण्यात वाटा असावा. राखण करणारा लोकांना उत्तरदायी असावा, तुमचा जागल्या असतो तसा. दंड पहिल्या चुकीला हलका आणि पुढे वाढत जाणारा. तंटा जवळच्या जवळ मिटावा. सरकारने त्यांच्या संघटनेत ढवळाढवळ करू नये. आणि मोठी व्यवस्था लहान व्यवस्थांवर रचलेली असावी. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना ऑलिव्हर विल्यमसनबरोबर मिळालं. त्या विषयात ते मिळवणारी पहिली बाई.

काका : बाई शहाणी होती. मग एवढं सांगून थांब की. आठ तत्त्वं घे, तुझ्या संस्थांना लाव, कुणाला किती गुण पडतात ते बघ. झाली चौकट.

पुतणी : तिथेच घसरायला होतं. त्या तत्त्वांची तपासणी-यादी करून गावांना गुण देणारे पेपर मी खूप वाचलेत. तत्त्वांना तयार आराखडा समजू नका, हे ऑस्ट्रॉम स्वतःच सांगत. आणि त्यांनी मुख्यतः निवडलेल्या व्यवस्था टिकलेल्या होत्या. जिथे संस्था झालीच नाही, तिथे का झाली नाही? त्यासाठी मला तिसरा माणूस लागतो. रॉबर्ट वेड. त्याचं ‘व्हिलेज रिपब्लिक्स’ 1988 चं, आंध्रातल्या कालव्यांवरच्या गावांबद्दल. त्याने काय केलं, एकाच भागातली गावं घेतली. काहींनी गावाचा निधी काढून, सामायिक पाणकरी नेमून पाणी वाटून घेतलं होतं, काहींनी काहीच केलं नव्हतं. दोन्ही प्रकार शेजारीशेजारी ठेवून बघितले. त्याला दिसलं ते असं : संघटना उभी राहते ती कालव्याच्या शेपटाकडच्या गावांत, जिथे पाणी न येण्याचा धोका मोठा. हेडच्या गावांना गरजच वाटत नाही. म्हणजे गावातली एकी, पुढाऱ्याचा मोठेपणा, परंपरा, हे नंतर. आधी कालव्यावरची जागा.

काका : थांब. हा माणूस वाघाडला येऊन गेलाय का?

पुतणी : नाही. का?

काका : दिंडोरी तालुक्यातला वाघाड प्रकल्प. तिथे धरणाचं अख्खं लाभक्षेत्र पाणीवापर संस्था चालवतात. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राने ते उभं केलं. आणि सुरुवात झाली कुठून माहितेय? ओझरहून. ओझर कालव्याच्या शेपटाला आहे. हेडच्या लोकांना कुणी संस्था करा म्हटलं असतं तर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं असतं.

पुतणी : बघा! आता तुम्हाला वाघाड ही काही चांगल्या माणसांच्या प्रयत्नांची गोष्ट राहिली नाही. एक नमुना दिसायला लागला. वेड वाचला नसता तर ‘ओझर शेपटाला आहे’ ही माहिती तुम्ही मला सांगितली असतीत का?

काका : सांगितली असती. पण सगळ्यात शेवटी, जाता जाता.

(अभियंत्याच्या तोंडून एवढी कबुली मिळाली तरी मला पुरे होती. पण काका हार मानणाऱ्यांतले नाहीत, आणि पुढचा त्यांचा मुद्दा माझ्या मते या संवादातला सगळ्यात वजनदार आहे.)

काका : तुझ्या वेडला मी आता पेचात टाकतो. टेलला धोका जास्त म्हणून टेलचा शेतकरी संघटित होतो. बरोबर? मग मला सांग, टेलच्या माणसाला चांगली विहीर असेल तर? आपल्याकडे कालव्याचं पाणी मुरतं आणि विहिरींना उतरतं. हेडला पाट वाहिला की खालच्याची विहीर भरते. त्याला पाटाच्या पाळीची फिकीर कशाला? मी अशी शेपटं बघितलीत जिथे संस्थेच्या बैठकीला कुणी येत नाही, कारण प्रत्येकाच्या बांधावर मोटर आहे. आणि दुसरी गंमत. पाणी मुबलक असलं की बैठकीला कुणी येत नाही हे तर झालंच. पण पाणी अजिबातच येत नाही अशी खात्री झाली, तरी कुणी येत नाही. दहा वर्षं कोरड्या असलेल्या चारीसाठी कोण भांडेल? लोक चारी बुजवून पेरतात. संस्था होते ती मधे कुठेतरी. पाणी येतं, पण भरवसा नसतो, तिथे.

पुतणी : हे लिहून घेऊ द्या.

काका : लिही. पण हे मला कुठल्या चौकटीतून सुचलेलं नाही. चिखलात उभं राहून कळलंय.

पुतणी : कळलं चिखलात, हे खरं. पण ‘वेडला पेचात टाकतो’ म्हणूनच तुम्ही ते काढलंत. एरवी विहिरी आणि कोरड्या चाऱ्या तुमच्याकडे वेगवेगळ्या किश्शांत होत्या. आता त्या एका विधानाच्या विरुद्ध बाजूला येऊन उभ्या राहिल्या. माझ्या मुलाखतीच्या यादीत विहिरीचा प्रश्न होता, पण ‘सिंचनाची साधने’ या रकान्यात. तो आता चौकटीत जाईल : कालव्यावरचं अवलंबित्व किती, हे विहीर ठरवते.

काका : म्हणजे माझा चिखल तू तुझ्या सिद्धांतात ओढलास.

पुतणी : त्यातही एक घराणं आहे. ग्लेझर आणि स्ट्रॉस, 1967. चौकट आधी घेऊन जाऊ नका, माहितीतूनच सिद्धांत वर येऊ द्या, असं म्हणणारे. ते आधी इस्पितळांत मरणाच्या दारातल्या रुग्णांजवळ होते. कुणाला काय माहीत आहे, कोण काय लपवतंय, याच्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि मग ती पद्धत मांडली. तुम्हाला आवडतील ते.

काका : मग त्यांचं नाव लिही आणि चार पानं वाचव.

पुतणी : तसं आमच्याकडे हल्ली खूप होतं. काहीच वाचलं नसलं की लिहायचं, आम्ही ग्राउंडेड थिअरी वापरली. ते दोघं मात्र रिकाम्या डोक्याने इस्पितळात गेले नव्हते. एक शिकागोच्या परंपरेतला, एक कोलंबियाचा. कोलंबियावरून आठवलं, चांगली चौकट कशी असते ते दाखवू का? बाबासाहेबांचा पेपर. ‘कास्ट्स इन इंडिया’.

काका : वाचलाय. त्यात ‘सैद्धांतिक चौकट’ असं शीर्षक कुठे दिसलं नाही मला.

पुतणी : नाहीच. तरी अख्खा पेपर चौकटीवर उभा आहे. 9 मे 1916, गोल्डनवायझर यांचं मानववंशशास्त्राचं चर्चासत्र. बाबासाहेब पंचवीस वर्षांचे. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. ते आधी काय करतात? जातीच्या चार व्याख्या घेतात. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर. आता मी असते तर चौघांना एकेक परिच्छेद देऊन पुढे गेले असते. बाबासाहेब प्रत्येकाला एक प्रश्न विचारतात : तुम्ही सांगताय ते जातीचं मूळ आहे की परिणाम? सेनार विटाळावर भर देतो. बाबासाहेब म्हणतात, विटाळ हा जातीचा प्राण नव्हे, पुरोहिताचा वर्ग वरच्या जागी असल्यामुळे तो तिला चिकटलाय. नेसफील्ड रोटीबंदी सांगतो. तो परिणामालाच कारण समजला.

काका : आणि केतकर?

पुतणी : केतकर तिथला सगळ्यात सुंदर भाग आहे. त्यांनी 1909 साली अमेरिकेत जातीच्या इतिहासावर पुस्तक काढलं होतं, ज्ञानकोशाच्या कितीतरी आधी. त्यांनी दोन लक्षणं सांगितली. जातीत जन्मलेलाच जातीचा सभासद, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब त्यांना मान देतात, बाकीच्यांपेक्षा जास्त, आणि मग म्हणतात, ही दोन लक्षणं नाहीत. एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की सभासदत्व आपोआप आत जन्मलेल्यांपुरतं राहतं. दोनातून एक काढून टाकलं. उरला अंतर्विवाह. आता पुढचं बघा. आपल्या समाजात तर गोत्राबाहेर लग्न करायची रीत जुनी. त्या बहिर्विवाहावर अंतर्विवाह लादला गेला, तिथे जात जन्मली. आणि ती टिकवायची तर गटात बायका-पुरुषांची संख्या जुळती राहायला हवी. नवरा मेला की बाई जास्तीची होते, बायको मेली की पुरुष जास्तीचा. तिला जाळायचं, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचं. त्याला ब्रह्मचारी ठेवायचं, नाहीतर अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतली एक त्याला द्यायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. तोवर सुधारक या तिन्ही गोष्टींवर वेगवेगळ्या रूढी म्हणून बोलत होते. त्या एका व्याख्येतून एकाच यंत्रणेचे भाग म्हणून बाहेर पडल्या.

काका : म्हणजे माझी कसोटी लावली तर...

पुतणी : व्याख्यांची पानं फाडा. सती आणि बालविवाह यांचा जातीशी संबंधच सांगता येणार नाही. पेपर उरतच नाही.

काका : पण एक धरून ठेव. हे त्यांना सेनार वाचून दिसलं नाही. त्यांनी जात भोगली होती. चौकट आयुष्यातून आली. तू पुस्तकाला श्रेय देतेयस.

पुतणी : भोगली कोट्यवधींनी, काका. आणि जातीवर लिहिणारेही कमी नव्हते. भोगण्यातून प्रश्न आला असेल, राग आला असेल. विधवा आणि विधुर यांचा हिशेब एका समीकरणात बसवणं हे भोगून आपोआप होत नाही. तसं झालं असतं तर हा पेपर आधीच कुणीतरी लिहिला असता.

काका : पटत नाही पूर्ण. जो हेडला असतो त्याला टेल दिसतच नाही, कितीही सिद्धांत वाचले तरी. पण चल. मला त्या पेपरात दुसरी एक गोष्ट आवडली होती. तो फ्रेंच, अनुकरणवाला.

पुतणी : तार्द. गॅब्रिएल तार्द.

काका : हां. त्याला त्यांनी एकाच कामाला लावलं. एका वर्गाने दार लावून घेतलं, मग बाकीच्यांत ते कसं पसरलं? अनुकरणाने. वरून खाली, आणि जो जितका जवळचा तो तितकी हुबेहूब नक्कल करणार. जवळच्या जातींत तिन्ही रूढी कडक, लांबच्यांत त्यातली एखादीच, ढिली. काम झालं, तार्दला सुट्टी. त्याचं चरित्र नाही, त्याचे टीकाकार नाहीत. तुझ्या चार पानांत मला असा एक माणूस दाखव ज्याला तू काम दिलंयस.

(चौकटीत नाव घ्यायचं ते कामापुरतं, हा नियम मी माझ्या टेबलावर येणाऱ्या लेखांना लावून बघितला. फुको बहुतेक ठिकाणी बिनकामाचा निघतो. त्यात बिचाऱ्याचा दोष नाही, त्याला नेमणाऱ्यांनी काम सांगितलेलं नसतं.)

पुतणी : आता देते. हार्डिनला एक वाक्य, कारण त्याचं गृहीत मला नाकारायचंय. ऑस्ट्रॉमला नियम आणि देखरेख. वेडला जागा आणि धोका. तुम्हाला विहीर.

काका : मला? पेपरात?

पुतणी : आभारात, काका. बरं, हा मसुदा ऐका. ‘मायनरच्या, म्हणजे लघुवितरिकेच्या, शेवटच्या तृतीयांश क्षेत्राला मंजूर पाण्याचा किती वाटा मिळतो, यावर या लेखात संस्थेचं यश मोजलं आहे. दोन स्पष्टीकरणं समोरासमोर ठेवली आहेत. नियम आणि देखरेख निर्णायक असतील, तर सारख्याच टंचाईच्या दोन मायनरवर ज्या संस्थेची राखण आणि दंडव्यवस्था चालू आहे तिथेच शेपटाला पाणी पोचेल. कालव्यावरचं अवलंबित्व निर्णायक असेल, तर कागदावर नियम सारखे असूनही, जिथे विहिरी कमी आणि पाळी अनिश्चित पण पूर्ण बंद नाही, तिथेच ते पोचेल.’

काका : आता मी तुला खोटं पाडू शकतो. चांगलं आहे. ‘कागदावर नियम सारखे’ हेही बरोबर, कारण पाणीवापर संस्थांच्या 2005 च्या कायद्याने ते सारखेच करून टाकलेत. पाणी मोजून घ्यायचं, संचालक मंडळात हेड, मधला आणि टेल यांना सारख्या जागा.

पुतणी : तोही एक सिद्धांतच आहे. प्रतिनिधित्व दिलं की पाणी पोचतं, असं कायदा लिहिणाऱ्याला वाटलं.

काका : असेल. पण पहिलंच वाक्य मला खुपतंय. यश कुणाचं? शेवटच्या तृतीयांश ‘क्षेत्रा’चं. म्हणजे ज्याला जमीन आहे त्याचंच. ऑस्ट्रॉमबाईंचं पहिलं तत्त्व काय म्हणालीस? हद्द स्पष्ट असावी. फडाची हद्द स्पष्टच होती. ज्याची जमीन त्या बंधाऱ्याखाली, तो आत. जागल्या रात्रभर राखण करायचा, त्याला मोबदला धान्यात मिळायचा, पाण्यात हक्क नाही. विलासराव साळुंखे पुरंदरला नायगावात नेमकं याच्यावर बोट ठेवत होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्यांनी पाणी पंचायत काढली. पाणी जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जायचं नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. तुझ्या चौकटीतून बघितलं तर साळुंख्यांचं अर्धं काम दिसणारच नाही.

पुतणी : मर्यादा म्हणून नोंदवेन.

काका : शेवटच्या पानावर, एक परिच्छेद. ‘या अभ्यासात भूमिहीनांचा विचार केलेला नाही, पुढील संशोधकांनी तो करावा.’ सगळे तेच करतात. पुढचा संशोधक आजवर कुणी बघितलाय?

पुतणी : नाही, शेवटी नको. यशाची व्याख्या चौकटीत आहे, तर तिची हद्दही तिथेच येईल. दुसऱ्याच वाक्यात : ‘हे मोजमाप जमीनधारकांतल्या समन्यायापुरतं आहे. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढणारी पाणी पंचायतीची कल्पना यशाची दुसरी व्याख्या देते. त्या व्याख्येने इथल्या सगळ्याच संस्था अपयशी ठरतील.’

काका : लिहिल्याने त्यांना पाणी मिळणार नाही.

पुतणी : नाही मिळणार. पण भूमिहीनांना घेतलं तर प्रश्नच बदलतो. कायद्याने ते संस्थेचे सभासद नाहीत, त्यांना ‘शेपट’ नाही. तो दुसरा पेपर आहे, काका, आणि या पेपराच्या पोटात तो घातला तर दोन्ही बिघडतील.

काका : तू चौकटीच्या सोयीने माणसं बाहेर ठेवतेयस.

पुतणी : हो. प्रत्येक चौकट ठेवते. मी निदान कुणाला ठेवलं ते सांगतेय.

काका : हे मला मान्य नाही, आणि तू दुसरा पेपर लिहीपर्यंत होणारही नाही. बरं, पानं किती झाली?

पुतणी : सव्वा.

काका : चाराची सव्वा! परीक्षक आणखी चिडेल. त्याने कमकुवत म्हटलं होतं.

पुतणी : चिडू दे. पण आता एक नवीच अडचण झालीय. वेडसारखं करायचं तर मला चाललेल्या संस्थांबरोबर न चाललेल्याही लागतील, त्याच कालव्यावरच्या. आधी मी चाललेल्याच घेतल्या होत्या, लोकांनी ‘इथे जा, इथे छान काम आहे’ म्हणून सांगितलेल्या. तुमच्या ओळखीने खात्याकडून यादी मिळेल का?

काका : कसली यादी? नोंदणीवर चालू असलेल्या, की टेलला पाणी देणाऱ्या?

पुतणी : दोन्ही. वेगवेगळ्या.

काका : पहिली उद्या मिळेल. दुसरीसाठी मोटरसायकल काढावी लागेल, आणि तीही आवर्तन चालू असताना.